एकेचाळीस मिनिटांचं पार्श्वसंगीत

नभोवाणी केंद्रात त्या वर्षी 'उपेक्षित स्त्री-संगीतकार सप्ताह' साजरा करावा, असं वरून परिपत्रक आलं. उपेक्षा सोमवारी सकाळी दहापासून दूर करायला घेऊन शनिवारी दुपारपर्यंत संपवायची होती. त्यासाठी सात जणांची समिती नेमली. सातही पुरुष होते, कारण समितीवर घेण्याइतक्या वरच्या पदावर केंद्रातली एकही बाई अजून पोचली नव्हती. इतिवृत्त लिहायला मात्र एका निर्मातीला बसवलं.

समितीचे अध्यक्ष हे केंद्राचे निवृत्त संचालक. त्यांनी पहिल्याच बैठकीत शंका काढली की, उपेक्षा झाली हे ठरवायचं कसं? उद्या कोणीही उठून स्वतःला उपेक्षित म्हणवून घेईल. तेव्हा प्रत्येक रचनेसोबत उपेक्षेचा लेखी पुरावा जोडावा, असा ठराव झाला.

निर्मातीने ध्वनिसंग्रह धुंडाळला. तिसऱ्या दिवशी खालच्या फडताळात एक डबा सापडला. वर लिहिलं होतं, 'चाचणी. पुसून पुन्हा वापरावी.' पुसायला कोणाला सवड झाली नव्हती, म्हणून फीत वाचली होती. तीवर पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेली एकेचाळीस मिनिटांची रचना होती. केंद्राच्याच वादकांनी अडतीस वर्षांपूर्वी वाजवलेली, एकदाही प्रसारित न झालेली. निर्माती हेडफोन लावून बसली आणि जेवायचं विसरली. शेवटच्या भागात सगळे चेलो एकदम थांबतात आणि एकटी बासरी पुढे जाते, तिथे तिने फीत तीनदा मागे घेतली.

ती रचना करणाऱ्या बाई हयात होत्या. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, वय ब्याऐंशी, मुलीकडे राहायच्या. पुरावा मागताना निर्मातीची मान खाली गेली. बाईंनी मात्र शांतपणे कपाट उघडून एकोणीस पत्रं काढली. सगळी केंद्राची, सगळी नकाराची. एकात म्हटलं होतं की, रचनेचा आवाका पाहता ती आपल्या पतीची असावी, सबब त्यांनीच अर्ज करावा. दुसऱ्यात, अंगाईगीत असल्यास विचार होईल, असं कळवलं होतं.

"हे गेले, त्याच्या पुढच्या महिन्यातही एक आलं," बाई म्हणाल्या. "यांची सही आणा म्हणून."

पत्रं समितीपुढे गेली. एकोणीसही पत्रांखाली एकच सही होती, अध्यक्षांची. त्या काळी ते कार्यक्रम अधिकारी होते. अध्यक्षांनी चष्मा पुसून सगळी पत्रं वाचली आणि ते भारावून गेले. इतकी वर्षं या बाईंशी पत्रव्यवहार ठेवणारा दुसरा कोणी केंद्रात होता का, असं त्यांनी विचारलं. नव्हता. पुरावा अस्सल ठरला, आणि उपेक्षेचे ज्येष्ठ अभ्यासक म्हणून शनिवारच्या समारोपाचं भाषण त्यांनाच देण्यात आलं.

समारोप तासाभराचा होता. प्रास्ताविक, भाषण, तीन तज्ज्ञांची चर्चा आणि आभार यांतच अठ्ठावन्न मिनिटं गेली. मग रचना कुठे बसवायची, असं निर्मातीने विचारलं.

"मागे," अध्यक्ष म्हणाले. "आम्ही बोलू तेव्हा मागे हळू वाजू द्या. पूर्ण एकेचाळीस मिनिटं. एक सेकंदही कापू नका, त्यांच्यावर अन्याय नको."

शनिवारी बाई इस्त्रीचे कपडे घालून मुलगी आणि नातीबरोबर रेडिओसमोर बसल्या. स्त्रीची प्रतिभा कशी दडपली गेली, ते अध्यक्ष सांगत होते. सांगता सांगता त्यांचा गळा दाटून आला, ते थांबले, आणि दोन सेकंद बासरी ऐकू आली.

"आजी, हे तुझं?" नातीने विचारलं.

"हो. थांब जरा, ते परत दम घेतील."

पण अध्यक्षांचा दम मोठा होता.

सोमवारी निर्मातीने टिपण पाठवलं, ही रचना एकदा नुसतीच ऐकवावी. उत्तर आलं की, रचना संपूर्ण प्रसारित झालेली असल्याने ती आता उपेक्षित राहिलेली नाही. शिवाय कार्यक्रमाला श्रोत्यांची पसंती लाभली होती. एका श्रोत्याने तेवढी तक्रार केली होती की चर्चा उत्तम, पण मागे कोणीतरी सारखं काहीतरी वाजवत होतं.

तेव्हा निर्मातीने सगळी हकीकत स्वतःच्या सहीने वर्तमानपत्रात छापून आणली. तिची बदली हवामानवृत्तावर झाली. पण गावभर संताप उसळला. अग्रलेख आले, निषेधाच्या सभा झाल्या, दोन कवींनी कविता केल्या. अखेर केंद्र नमलं. ती फीत एका स्वतंत्र खोलीत ठेवण्यात आली, कामाच्या दिवशी अकरा ते चार कोणीही यावं, खुर्चीत बसून ऐकावं, दाराशी वहीत सही करावी.

वहीत एक सही आहे. बाई नातीचा हात धरून आल्या होत्या. एकेचाळीस मिनिटं डोळे मिटून बसल्या आणि जाताना अभिप्रायाच्या रकान्यात लिहून गेल्या, 'दुसऱ्या भागात व्हायोलिनं किंचित मागे पडतात. चूक माझी आहे, वादकांची नाही.'

त्यानंतरची पानं कोरी आहेत. संतापाची पत्रं मात्र अजून येतात. हे वाचून तुमचंही रक्त तापलं असेल, तर केंद्राला जरूर कळवा. संतापाची फाईल वेगळी आहे.