सायाळकाकूंचा नवस आणि सुधारलेली तबकडी

एका जंगलात, बाळांनो, एक सायाळ नवस बोलली होती. नवस साधाच होता. "देवा, माझे यजमान पुन्हा बोलू लागले, तर तुझ्या पारावर सोळा कंदांचा नैवेद्य ठेवीन. तोवर दर रविवारी एका रिकाम्या जिवाला त्या चौघांची तबकडी ऐकवीन, आणि मगच तोंडात घास घालीन."

यजमान का बोलत नव्हते, ते आता ऐका. चुळबुळ करू नका.

त्या जंगलाच्या राजेसाहेबांनी एकदा एक दुःखी हरिण खाल्लं. ते त्यांना पचलं नाही. राजवैद्य म्हणाले, "महाराज, प्रजा आनंदी हवी. दुःखी प्रजा पोटाला जड." राजेसाहेब कनवाळू. त्यांनी लगेच आनंद खातं काढलं. तरसराव जन्मतःच हसरे, म्हणून खातं त्यांच्याकडे गेलं.

खात्याने आधी आनंद उद्यान करायला घेतलं. जागा ठरली सायाळरावांच्या बिळाची. बारा खोल्यांचं बीळ, स्वतःच्या पंजांनी खणलेलं. एका दुपारी काकू ओढ्यावर गेल्या असताना ते मातीने बुजवलं आणि वर झोपाळा टांगला.

त्या दिवसापासून सायाळराव गप्प. नव्या बिळात भिंतीकडे तोंड करून बसायचे.

"अहो, रताळं भाजू?" काकू विचारायच्या. उत्तर नाही.

"निदान मीठ कमी पडलंय असं तरी म्हणा!" तेही नाही. इतकी वर्षं ज्या कुरकुरीला काकू कंटाळल्या होत्या, तिच्यासाठीच त्या आता नवस बोलल्या.

आता ते चौघे कोण?

फार वर्षांपूर्वी त्या जंगलात चौघांचं एक पथक होतं. रानडुक्कर गायचं, अस्वल तारा छेडायचं, माकड ढोल बडवायचं, घुबड तोंडाने बाजा वाजवायचं. धरणाच्या खांबावरून वीज ओढून त्यांनी ती तारांना जोडली होती. त्यामुळे तार नुसती वाजायची नाही, कळवळायची. गाणी सगळी रडकी. कुणाचं घर गेलं, कुणाची बायको गेली, कुणी सकाळी उठून बघतो तर दोन्ही गेलं.

पुढे पथक मोडलं. डुक्कर आणि अस्वल वारली. घुबड कुठे गेलं, कळलं नाही. माकड प्राणिसंग्रहालयात कायम झालं. मागे तीन तबकड्या राहिल्या, त्या काकूंच्या घरी होत्या. बीळ बुजलं त्या दुपारी त्या, वाजवायच्या फोनोसकट, शेजाऱ्यांनी ऐकायला नेल्या होत्या, म्हणून वाचल्या. चौघांना ज्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, अशी कालची पिल्लं त्यांच्यासाठी ओढा ओलांडून यायची.

काकूंचा फोनो चावीचा. त्याची सुई केव्हाच हरवली होती. काकू पाठीवरचा एक काटा उपटायच्या आणि सुईच्या जागी बसवायच्या. एक बाजू वाजली की काटा बोथट. नवस म्हटला की एवढं चालायचंच.

एका रविवारी मुंगसाबाई सापडल्या. काकूंनी त्यांच्या हातात चार दाणे दिले आणि चावी फिरवली. डुक्कर घोगऱ्या आवाजात गाऊ लागलं,

बीळ भरलं पाण्यानं गं, बीळ भरलं पाण्यानं,
आता सांगू कुणाला, तूही गेलीस रागानं.

"काकू, हा एकच गोष्ट दोनदा का सांगतो?" मुंगसाबाईंनी विचारलं.

"एकदा सांगितलेलं घरात कोण ऐकतं, बाई?"

मुंगसाबाईंना रडू फुटलं. मग त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "दुसरी बाजू लावा."

काकूंनी आणखी एक काटा उपटला.

असे बरेच रविवार गेले. ऐकणारे हलके होऊन जायचे, सायाळराव मात्र भिंतीकडेच. काकूंच्या पाठीवर सात काटे उरले. शेजारची घोरपड म्हणायची, "काकू, आता मागून तुम्ही आमच्यातल्याच दिसता हो!" काकू हसायच्या. आपल्या पाठीकडे देव बघत असेल, अशी त्यांना आशा होती.

सात काटे उरले त्याच रविवारी तरसराव दारात आले. बगलेत एक चकचकीत पेटी.

"काकू, तक्रार आहे. मुंगसाबाई तुमच्याकडून रडत गेल्या म्हणे."

"रडत गेल्या, पण हलक्या होऊन गेल्या."

"हलक्या? म्हणजे पचायला?" तरसरावांनी वही काढली.

"मनाने हो."

तरसरावांनी वही मिटली. "जुनं ते आम्हालाही प्रिय आहे. म्हणून खात्याने त्या गाण्यांची सुधारित आवृत्ती काढली. घोगरेपणा काढला. खरखर काढली. एकच ओळ दोनदा होती, ती एकदाच ठेवली, वेळ वाचतो. बीळ कोरडं केलं. आणि ती रागाने गेलेली बाई परत आणली."

"परत आली? बरं झालं हो," काकू मनापासून म्हणाल्या.

"शिवाय काटा लागत नाही. बटण दाबायचं."

काकूंनी पाठ चाचपली. सात रविवारांनंतर काय करायचं, या काळजीने त्यांना झोप येत नव्हती. काट्यावाचून नवस चालत असेल तर देवाची ना नसावी, असं त्यांना वाटलं.

"तुम्ही रिकामे आहात का?" त्यांनी विचारलं.

"रविवारी खात्यात काम नसतं."

"आणि इतर वारी?"

तरसराव फक्त हसले. काकूंनी त्यांच्या हातावर चार दाणे ठेवले आणि बटण दाबलं. पेटीतून धुतल्यासारखा स्वच्छ आवाज आला,

बीळ आमचं कोरडं छान,
तू आलीस, वाढ गं पान.

तरसराव मान डोलावू लागले.

"खोटं आहे."

आवाज भिंतीकडून आला होता. काकूंच्या हातातली दाण्यांची वाटी खाली पडली.

"अहो?"

"साफ खोटं आहे," सायाळराव वळून म्हणाले. आवाज गंजलेला होता. "'पाण्यानं' म्हणताना डुकराचा श्वास संपतो. तिथे अस्वल एक तार चुकतं, आणि चुकलं तरी थांबत नाही. तेच काढलं, तर राहिलं काय? आणि बीळ कोरडं नव्हतं! बीळ बुजलं! बारा खोल्या होत्या माझ्या. बाराव्या खोलीत हिचे देव होते. मी त्यांना आणायला धावलो, तोवर वरून माती आली. रिकाम्या हाताने बाहेर आलो. हिला कोणत्या तोंडाने सांगू?"

सांडलेले दाणे गोळा करता करता काकूंनी मान वर केली.

"म्हणून गप्प होतात? एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी?"

"अहो, देव मातीला घाबरतात होय? माती त्यांचीच. मला घाबरलात ते ठीक आहे."

सायाळराव किती दिवसांनी बायकोकडे बघत होते. तिची पाठ त्यांनी तेव्हाच पाहिली. त्यांनी आपला एक काटा उपटला, फोनोला बसवला आणि जुनी तबकडी लावली. ती संपेपर्यंत दोघं शेजारी बसून होती. तरसरावही बसले होते. एकदा त्यांनी डोळे पुसले, पण ते वहीत लिहिलं नाही.

वहीत लिहिलं ते असं: 'सुधारित तबकडीने मुक्याला वाचा फुटली.'

काकूंनी पारावर सोळा कंदांचा नैवेद्य ठेवला, आणि दरबारात तरसरावांचा सत्कार झाला. राजाज्ञा निघाली, प्रत्येक बिळात, घरट्यात आणि ढोलीत सुधारित तबकडी दिवसातून एकदा वाजलीच पाहिजे. तशी ती वाजू लागली. वाजली की घरोघर कुणीतरी "अहो, हे असं नाहीये!" म्हणून उठायचं आणि खरं गाणं म्हणून दाखवायचं, घोगऱ्या आवाजात, प्रत्येक ओळ दोनदा. पिल्लांनाही ते पाठ झालं. खात्याच्या अहवालात नोंद आहे की प्रजा हल्ली फार गाते.

तात्पर्य: चांगली गोष्ट जिवापाड जपावी, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही, बाळांनो. ती सुधारायला सरकारी खात्याकडे द्यावी. बिघडून परत आल्याशिवाय ती आपल्याला किती पाठ आहे, हे कुणाला कळत नाही. पण खात्याला वेळ लागतो. तोवर तुमच्या घरात कुणी भिंतीकडे तोंड करून बसलं असेल, तर येत्या रविवारी त्याच्या हातावर चार दाणे ठेवा, एक रडकं गाणं दोनदा ऐकवा, आणि मगच जेवायला बसा.