लीलाबाईच्या कानाचा ठराव

बसा हितं सतरंजीवर. चहा उकळूस्तवर एक गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर मधीच उठून जावा, माझी हरकत न्हाय. हसणार असला तर मात्र पुरती ऐकून हसा.

वरकुट्याच्या वेशीबाहेर एक चर्च हाय. चर्च म्हंजे पत्र्याची खोली. दोन ट्रॅक्टर आत घातले तर तिसऱ्यानं बाहेर थांबावं. रविवारी तीस-पस्तीस माणसं जमायची. महिपती ढोलकी वाजवायचा, त्याची मावशी लीलाबाई पहिल्या बाकावरनं गाणं उचलायची, आन् मागनं सगळी मंडळी. गाण्याचं पुस्तक एकच, तेबी कपाटातल्या उंदरानं वाचून संपवलेलं. चाळीस वर्षं असं चाललं, कुणाचं काय अडलं न्हाय.

अडलं ते लीलाबाईच्या कानापाशी. ऐंशी उलटल्यावर म्हातारीला ऐकू येईना. ढोलकी जमिनीतनं तळपायाला कळायची, त्यावर ती गाणं धरायची. पण पाळकाचं प्रवचन सुरू झालं की नुसती त्याच्या ओठांकडं बघत बसायची. एका रविवारी तिनं महिपतीला बाजूला घेतलं.

"म्हैपती, बाजारात हाताएवढा भोंगा मिळतो म्हणं. तेवढा माझ्या बाकाखाली ठेव. मरायच्या आधी देवाचा शबूद कानावर पडू दे. वर गेल्यावर त्यानं इचारलं, लीले काय ऐकून आलीस, तर काय सांगू?"

हाताएवढा भोंगा. मागणी एवढीच व्हती, ध्यानात ठेवा.

महिपती सरळ माणूस, म्हणून चुकला. भोंगा गुपचूप आणून ठेवायचा सोडून तो पंचमंडळीला विचारायला गेला.

पंचांचे प्रमुख आप्पासाहेब. सेक्रेटरी इंद्रजित, तो कारखान्यावर कारकून, आन् ठराव लिहायचं त्याला वेड. बायकोनं वांगी आणायला सांगितली तरी 'सर्वानुमते मंजूर' म्हणून पिशवी उचलणारा.

"अर्ज कुठाय?" इंद्रजितनं विचारलं.

"कानाला कसला अर्ज?"

"एका व्यक्तीच्या कानासाठी मंडळीची वस्तू घेता येत न्हाय. धोरण सर्वसमावेशक पाहिजे."

आप्पासाहेबांनी मिशीवरनं हात फिरवला. "आन् भोंगा कसला मागतो भिकाऱ्यावाणी? वडगावच्या चर्चात पडद्यावर गाणी दिसत्यात. माझा व्याही तितला. नाताळाला मला मुद्दाम पुढं बसवून दाखवलं त्यानं. आपलं नाक काय गहाण टाकलंय?"

ठराव झाला: 'ज्येष्ठ सभासदांच्या श्रवणविषयक अडचणींच्या निवारणार्थ प्रोजेक्टर, संगणक व ध्वनियंत्रणा बसविण्यास मंजुरी देण्यात येत आहे.' म्हातारीच्या कानावरनं सुरू झालेला ठराव, पण त्यात ना म्हातारी, ना कान.

बारामतीहून नईम आला. लग्नाच्या मांडवात साउंड लावून केस पिकलेला गडी. त्यानं यादी बघितली, खोली बघितली, परत यादी बघितली.

"आप्पासाहेब, चार मोठे बॉक्स लिवलेत. ह्या खोलीत एक वाजला तरी पत्र्याचे खिळे निघतील. आजीच्या बाकाखाली छोटा स्पीकर ठेवतो की. पाच मिनिटांचं काम."

"वडगावात किती बॉक्स हायेत?"

"दोन."

"मग चार लाव."

नईमनं खुदा हाफिज म्हणायच्या आवाजात "बरं" म्हणलं आन् चार लावले.

पडदा टांगला तर खिडकीच्या उजेडात त्यावर काय दिसंना, म्हणून खिडकीत खताच्या गोण्या कोंबल्या. पंख्याच्या वाऱ्यानं पडदा फडफडायला लागला, म्हणून पंखा बंद. ढोलकीवर थाप पडली की माइक डुकरावाणी किंचाळायचा, म्हणून ढोलकी बंद. गाणं संगणक म्हणणार. राह्यला प्रोजेक्टरचा स्टँड. तो नेमका बसत व्हता पहिल्या बाकाच्या जागी. बाक उचलून बाहेर लिंबाखाली ठेवला. इंद्रजितनं वहीत नोंद केली: 'ज्येष्ठांकरिता बाह्य आसनव्यवस्था.'

"अहो, पण हे सगळं तिच्यासाठीच ना?" महिपती म्हणला.

"म्हणून तर सावलीत बसवलीय," इंद्रजित म्हणला.

आता आपल्याकडची रीत तुमास्नी ठाऊक हाय. पंखा दिला की पात्यावर नाव. पंखा फिरला की नाव दिसत न्हाय, म्हणून देणारा भर उकाड्यात पंखा बंद करायला लावतो. हितं तर वायर, खिळे, थ्री-पिन. नाव लिहायचं कुठं? इंद्रजितनं तोड काढली. नावं पडद्यावर!

पहिलं नाव आप्पासाहेबांचं, फेट्यातल्या फोटोसकट. मग बॉक्सवाले आले, वायरवाले आले. थ्री-पिन देणारा रुसला, त्याचं अक्षर बारीक झालं म्हणून. खिळे देणाऱ्यानं वडलांच्या स्मरणार्थ दिलते, तर वडलांचा फोटो पाहिजे. वडलांचा एकटा फोटो न्हवता, म्हणून शेजारचा बैलबी आला. शेवटी ठरलं, प्रत्येकाला सबंध पडदा, दहा-दहा सेकंद.

"आन् गाणं कुठाय?" महिपतीनं विचारलं.

"हाय की. एकोणिसाव्या नंबरला."

उद्घाटनाच्या रविवारी फीत कापली, शाल-श्रीफळ झालं. आप्पासाहेबांचा व्याही मुद्दाम वडगावाहून बोलावून पुढं बसवला. मग अंधारासाठी दार लावून घेतलं. आत गोण्यांचा वास, घामाची धार, आन् पडद्यावर नावं. माणसं आपापलं नाव आलं की जागी व्हायची. अठराव्या नंबरला बैल आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आन् लाईट गेली.

एकोणिसाव्या नंबरचं गाणं राह्यलंच. ते गाणं तितल्या प्रत्येकाला पाठ व्हतं. आईच्या काखेत असल्यापासनं म्हणत आलेले. पण तोंड कुणी उघडंना. काळ्या पडद्याकडं बघत बसले, अक्षरं कवा येत्यात म्हणून.

तेवढ्यात बाहेरनं आवाज आला. म्हातारीला लाईट असली काय, गेली काय. वेळ झाली असंल असं वाटून तिनं आपलं गाणं उचललं:

"तुझ्या उंबऱ्याशी देवा, कवाची मी बसले, हाक मार आतून..."

महिपतीची बोटं मांडीवर वाजायला लागली. तो उठला, कोपऱ्यातली ढोलकी घेतली आन् दार उघडलं.

"दार लाव!" आप्पासाहेब ओरडले. "उजेड येतोय!"

तेवढ्यात लाईट आली. "आता लावा गाणं," पाळक बिचारा म्हणला.

"मधनंच?" इंद्रजितला घाम फुटला. "नावं तुटक दाखवली तर अवमान व्हईल. पुन्यांदा पहिल्यापासनं घेऊ."

पडद्यावर परत फेटा आला.

महिपती लिंबाखाली मावशीशेजारी जाऊन बसला. तिनं विचारलं, "काय रं, आत देवाचं नाव घेतलं का?"

तो तिच्या कानात ओरडला, "यादीत त्याचं न्हाय, मावशे. त्यानं काय दिलंच न्हाय म्हणं!"

दुसऱ्या दिवशी पंचांनी दोन ठराव केले. एक, इन्व्हर्टर घेण्याचा. दोन, उपासनेच्या वेळी महिपतीनं दारापाशी न फिरकण्याचा. इन्व्हर्टरसाठी नऊ माणसं आपण होऊन आली, फोटो घेऊन.

नईमला मात्र राहवलं न्हाय. त्यानं हाताएवढा स्पीकर महिपतीला फुकट दिला, लांब वायरीसकट. आतनं वायर काढून लिंबाखाली न्हेली की झालं. पण वायरीपुरतं दार उघडं राह्यला पाहिजे, आन् फटीतनं उजेड येतो. दगड लावून ठेवला तर इंद्रजित काढून टाकतो. माणूस उभा असला तर काढता येत न्हाय. तसा ठराव अजून झालेला न्हाय.

चहा झाला बघा, घ्या. हसलासा, बरं वाटलं. इन्व्हर्टरला तुमीबी काय तरी द्यालच, तुमचा फोटो मोठा येईल. पण माझं एक काम करा. येत्या रविवारी तासभर त्या दाराला पाठ लावून फट धरून उभं राहा. तुमचं नाव कुठं लागायचं न्हाय, म्हातारीची दाराकडं पाठ, तिला तुमी दिसायचाबी न्हाय. याल का तेवढं?