तीन वाजताचा बाप्तिस्मा

शहाण्या माणसाने युरोपात विमानाने फिरू नये, हे माझं मत आधीही होतं आणि एवढं सगळं होऊनही आहे! हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण हल्ली आमच्या घरात हा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसतात. हसू देत.

मी फ्रिडोलिन, ओल्टनचा. आमच्या गावातून रेल्वे चारी दिशांना जाते. त्याखेरीज गावात बघण्यासारखं काही नाही, असं माझा धाकटा भाऊ ऊर्स म्हणतो. मी तीस वर्षं वजनमापं तपासायच्या खात्यात काढली. तराजू दोन ग्रॅमने खोटा निघाला म्हणून मी आमच्या शेजारच्या खाटकाच्या दुकानाला सील ठोकलं होतं. अशा माणसाने वेळापत्रकावर विश्वास नाही ठेवायचा तर कशावर ठेवायचा?

आमच्या बहिणीची मुलगी सेराइना लग्न करून सीमेपलीकडे, उत्तरेला हॅम्बुर्गला गेली. तिला मुलगी झाली, मिना. आणि मिनाचा धर्मपिता म्हणून तिने निवडलं कुणाला? मला! आमच्याकडे धर्मपिता म्हणजे चर्चमध्ये उभं राहण्यापुरता मान नव्हे. मूल मोठं होईपर्यंत त्याचे वाढदिवस, सहली, पहिली सायकल, सगळं धर्मपित्याकडे. ऊर्सला स्वतःची तीन पोरं आहेत, शिवाय आणखी चौघांचा तो धर्मपिता आहे. मी एकटा जीव. सत्तावन्न वर्षांत माझ्याकडे कुणी असं काही मागितलं नव्हतं. सेराइनाचा फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात बसून रडलो. हे ऊर्सला माहीत नाही, कळायची गरजही नाही.

बाप्तिस्मा शनिवारी दुपारी तीनला, असं सेराइनाने कळवलं. धर्मपिता हजर नसला तर पाळकबाई त्याच्या जागी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी उभं करतात. आता आमच्या घरातला दुसरा म्हणजे कोण, ते सांगायला नको.

ऊर्स विमानाने निघाला होता. दीड तासात हॅम्बुर्ग! मलाही तिकीट काढतो म्हणाला. मी त्याला समजावून सांगितलं की बाबा रे, दीड तास हे नुसत्या मालाचं वजन झालं, त्यात खोका धरलेला नाही. विमानतळावर जा, रांगेत उभा राहा, बूट काढ, पट्टा काढ, दोन्ही हातांनी विजार सावरत परक्या माणसापुढे उभा राहा. त्यापेक्षा माझी गाडी बरी. पहाटे ओल्टन, मग बाझल, मानहाइमला एकदा बदल, दुपारी दीडला हॅम्बुर्ग.

"मानहाइमला मधे वेळ किती आहे?" त्याने विचारलं.

"सात मिनिटं."

तो इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं. मला कळेना, यात हसण्यासारखं काय? आमच्या देशात सात मिनिटांत माणूस गाडी बदलतो, कॉफी घेतो आणि उरलेली दोन मिनिटं कंटाळतो.

आणि झालंही तसंच! मानहाइमच्या फलाटावर मी पोचलो आणि आठ बेचाळीसला, अगदी ठोक्याला, हॅम्बुर्गची गाडी समोर येऊन उभी राहिली. मी लगेच ऊर्सला लिहून पाठवलं, "आठ बेचाळीस म्हणजे आठ बेचाळीस. तुझा पट्टा काढून झाला का?"

माझी जागा होती एकसष्ट नंबरची. तिच्यावर एक आजीबाई विणत बसल्या होत्या. मी नम्रपणे सांगितलं, ही माझी जागा. त्यांनी तितक्याच नम्रपणे सांगितलं, नाही, माझी. मी तिकीट दाखवलं. त्यांनीही दाखवलं. डबा तोच, जागा तीच! एकच जागा दोघांना विकायची? आमच्या खात्यात अशाला सरळ फसवणूक म्हणतात. मी तसं सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं बोललो. फ्रँकफुर्ट येऊन गेलं तरी मी उभाच होतो आणि बोलतच होतो. शेवटी तिकीट तपासनीस आला. त्याने दोन्ही तिकिटं शेजारी शेजारी धरली आणि त्याच्या चेहऱ्यावर समजूतदार भाव आला.

"साहेब, ही तुमची गाडी नाही. ही सात बेचाळीसची. तासभर उशिरा आलीय. तुमची मागून येतेय, येईल तेव्हा येईल."

म्हणजे जिच्या अचूकपणाबद्दल मी भावाला टोमणा मारला, ती साठ मिनिटांनी लंगडत आली होती!

तपासनीस म्हणाला, काही बिघडत नाही, बसा निवांत, उलट लवकर पोचाल. आजीबाईंनीही पिशवी उचलून शेजारची जागा मोकळी केली. कुणीही शहाणा माणूस बसला असता. पण माझं तिकीट सवलतीचं, फक्त आठ बेचाळीसच्या गाडीला बांधलेलं. तसं त्यावर स्वच्छ छापलं होतं. म्हणजे या गाडीत मी विनातिकीट होतो! मी, फ्रिडोलिन!

"अहो, मी चालवून घेतो ना," तपासनीस म्हणाला.

"तुम्ही चालवून घ्याल हो, पण नियमाचं काय?"

"साहेब, या गाडीत आज नियमाप्रमाणे काहीच चाललेलं नाही. एक तुमच्यामुळे काय फरक पडणार?"

याच वृत्तीने जग बुडालं! मी बॅग घेतली आणि पुढच्या स्टेशनवर, फुल्डाला, उतरलो. तपासनिसाने बॅग खाली द्यायला मदत केली. हलक्या आवाजात म्हणाला, "आलेली गाडी इथे कुणी सोडत नाही, साहेब." मी त्याला तिकिटामागचा नियम वाचून दाखवायला लागलो, तेवढ्यात दार बंद झालं.

पुढे फुल्डाच्या फलाटावर मी काय भोगलं ते माझं मला माहीत. फलकावर माझी गाडी आधी वीस मिनिटं उशिरा होती, मग चाळीस, मग पासष्ट, मग नव्वद, शेवटी एकशे पस्तीस. माझ्याभोवती शंभरेक माणसं शांतपणे पाव खात उभी होती. चिडलेला मी एकटा! बारा वाजता ऊर्सचा फोटो आला. हॅम्बुर्गच्या बंदरावर उभा, हातात माशाचा पाव, खाली मजकूर, "सावकाश ये."

गाडी आली एकला दहा कमी असताना. म्हणजे हॅम्बुर्ग पावणेचारला. सेराइनाला फोन करावा असं दहादा वाटलं. पण फोन करायचा म्हणजे ऊर्सला त्या जागेचं आमंत्रणच द्यायचं. त्यापेक्षा भजनं लांबतील, पाळकबाई रेंगाळतील, अशी आशा धरून मी गप्प बसलो. अख्खा रस्ता माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. मिना ऊर्सच्या हातात. त्याच्याकडे चार होती, आता पाचवी. आणि माझ्याकडे असलेली एकुलती एक गेली.

चार वाजून दहा मिनिटांनी मी चर्चचं दार ढकललं. बाप्तिस्मा चालू होता! कुंडापाशी बाळाला घेऊन माझ्याकडे पाठ करून उभा होता एक उंच, पिंगट माणूस. ऊर्स नव्हे. म्हणजे यांनी ऊर्सलाही नाही, कुणा परक्यालाच धरून उभं केलं होतं! मग मात्र माझा तोल गेला. मी बॅग खडखडवत थेट पुढे गेलो.

"थांबा. धर्मपिता मी आहे. ओल्टनहून आलोय. गाडी..."

'गाडी' म्हटल्याबरोबर सगळ्या चर्चने सहानुभूतीचा सुस्कारा सोडला. उजवीकडच्या नातेवाइकांना वाटलं मी डावीकडचा, डावीकडच्यांना वाटलं मी उजवीकडचा. तो उंच माणूस बाजूला झाला आणि त्याने निमूट बाळ माझ्या हातात दिलं. उत्तरेकडची ही माणसं अशीच. मूल देतील, पण प्रश्न विचारणार नाहीत!

बाळाचं नाक हुबेहूब माझ्या बहिणीचं. माझे डोळे भरून आले. पाळकबाईंनी विचारलं, या बाळाला आयुष्यभर सांभाळाल का? "होय!" मी इतक्या मोठ्याने म्हणालो की बाळ दचकलं. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "लासे..."

"लासे कोण?" मी म्हणालो. "ही मिना आहे. मुलगी आहे."

"मुलगा आहे," पहिल्या बाकावरून एक बाई हळूच, पण अगदी खात्रीने म्हणाली. ती बहुधा आई असावी.

त्याच क्षणी दारात सेराइना उभी राहिली. हातात फुलं, मागे ऊर्स. दोघं सजावट करायला लवकर आले होते. तिने धावत येऊन माझ्या हातातलं बाळ त्या उंच माणसाला परत दिलं, मला दंडाला धरून बाहेर नेलं आणि पायरीवर बसवलं.

"मामा, आपला बाप्तिस्मा पाचला आहे रे."

"पाचला? तू तीन सांगितलं होतंस."

"तू ट्रेनने येणार म्हणालास ना? आम्ही इथे ट्रेनने येणाऱ्याला दोन तास आधीची वेळ सांगतो. सगळेच सांगतात."

म्हणजे फुल्डाला मी जीव अर्धा केला तो उगाच! मी ऊर्सकडे बोट दाखवलं.

"आणि याला काय सांगितलं होतंस?"

सेराइना फुलांकडे बघत म्हणाली, "त्याला पाच."

वजनमापं तपासणाऱ्याला खोटं माप आणि त्या उडाणटप्पूला खरं! मी संतापाने उठलो होतो, पण तेवढ्यात मागून आलेल्या बहिणीने मिनाला आणून माझ्या हातात ठेवलं. नाक अजिबात आमच्यातलं नव्हतं. तिने माझं बोट घट्ट धरलं आणि मला पुढे काय बोलायचं होतं ते आठवेना. पाचला मी कुंडापाशी उभा राहिलो. प्रश्न विचारण्याआधी पाळकबाई कानाशी म्हणाल्या, "या वेळी आधी नाव ऐका, मग हो म्हणा."

पुढच्या महिन्यात मिनाचा पहिला वाढदिवस. मी ट्रेननेच जाणार, तिकीटही काढलं. सेराइनाने दुपारी तीनची वेळ कळवलीय. आता मला कुणी फसवू शकत नाही. तीन म्हणजे पाच, हे ओळखून मी मुद्दाम दोन तास उशिराची गाडी घेतली.

काल ऊर्सचा फोन आला होता. त्यालाही तीनच सांगितलंय. तो विमानाने जातोय.