चाळीस अक्षरांत न मावणाऱ्या यमुनाबाई

तुमच्या हातपंपाचं पाणी तपासणाऱ्यानं तुम्हाला कधी विचारलंय का, की तुमचा गुडघा आता कसा आहे?

देवासच्या आमच्या प्रयोगशाळेतले दिघेकाका विचारतात. पाण्यात कोणता जंतू आहे ते यंत्र ओळखतं. पण त्याआधी नमुन्याची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरावी लागते. ते काम काकांचं. आम्ही 'हातपंप, नेमावर' एवढं टाकून मोकळे होतो. काका आधी नमुना देणाऱ्याला फोन लावतात आणि मग लिहितात : 'नेमावर, घाट चढताना डावीकडचा हातपंप, नमुना देणार श्रीमती यमुनाबाई, एकट्या असतात, उजवा गुडघा दुखतो.'

"काकाजी, नंबर डालो ना, बस!" शेजारच्या टेबलावरचा राजेश ओरडतो.

"अरे भिया, नंबर कैद्याला असतो. पाण्यानं काय गुन्हा केलाय?"

कॉम्प्युटरमधली माहितीची चौकट चाळीस अक्षरांची. ती भरली की काका शांतपणे पुढच्या नमुन्याची चौकट उघडतात आणि उरलेलं तिथे लिहितात. यंत्र बिचारं प्रामाणिक. एकदा त्यानं तो दुसरा नमुनाही तपासला, म्हणजे रिकामी जागा तपासली, आणि उत्तर दिलं : 'जंतू आढळला नाही.'

"चला, गुडघा निर्दोष सुटला!" काका म्हणाले आणि खरोखर नेमावरला कळवून मोकळे झाले.

मग इंदूरहून नव्या मॅडम आल्या. "दिघेजी, बोतलें दस और सैंपल इकतीस? ये क्या मज़ाक है?" लेखी हुकूम निघाला : बाटलीवर असेल तेवढंच भरायचं. एक अक्षर जास्त दिसलं, तर काकांचा पासवर्ड बंद.

माझं डोकं फिरलं. मी निवेदन लिहायला घेतलं. 'माणसांचे नंबर करणाऱ्या व्यवस्थेचा धिक्कार असो' इथपर्यंत पोचलेही.

"राहू दे गं," काका म्हणाले. "धिक्काराला अक्षरं फार लागतात." मग म्हणाले, "तुझी काकू इस्पितळात होती ना, तिचं रक्त तपासायला बाहेरगावी गेलं. तिथे कुणीतरी 'महिला, अठ्ठावन्न' एवढंच भरलं. कोणतं औषध लागू पडेल, ते त्या रिपोर्टात होतं. तीन दिवस तो तयार पडून होता. कुणाचा, ते कुणालाच कळेना."

काकांनी पुढची बाटली उचलली. तिच्यावर फक्त नंबर होता. त्यांनी ती दोनदा फिरवून पाहिली आणि तेवढाच नंबर भरला.

निवेदन मी फाडलं आणि हुकूम पुन्हा वाचला. बाटलीवर असेल ते भरायचं, असंच त्यात आहे ना? मग तुम्हीच एक करा. पाणी असो, रक्त असो, नमुना देताना बाटलीवर आपल्या हातानं पूर्ण नाव आणि गाव लिहा. जागा नाही म्हणाले, तर कागद चिकटवा. पण लिहाच.