निफाड रस्त्यावरचं उबवणी केंद्र

मनोज गायधनीच्या टेबलावर सकाळी साडेदहाला अंड्यांची टोपली आली, तेव्हा केंद्राच्या उद्घाटनाला पुरते चोवीस तासही झाले नव्हते. टोपलीत गव्हाचा कोंडा, कोंड्यात तीस गावठी अंडी आणि टोपलीमागे पदर खोचून उभ्या सगुणाबाई.

"मोजून घ्या सायेब. पिल्लं कधी भेटतील?"

मनोजने अंड्यांकडे पाहिलं, मग शिपाई जयरामकडे पाहिलं. जयराम पंख्याकडे बघत होता.

"मावशी, हे कोंबड्यांचं ऑफिस नाही."

"मंग बाहेर बोर्डावर काय लिव्हलंय? नातीनं वाचून दाखवलं मला. उबवणी केंद्र. खाली शासनमान्य."

मनोज तरातरा बाहेर गेला. बाई खोटं बोलत नव्हत्या. नवा धंदा काढणाऱ्यांना बसायला जागा, जाणत्यांचा सल्ला आणि कागदपत्रांच्या जंजाळात सोबत मिळावी म्हणून सरकारने हे केंद्र काढलं होतं. असल्या जागेला सगळीकडे इन्क्युबेशन सेंटर म्हणतात. पण बोर्ड मराठीतच हवा असं परिपत्रक होतं, आणि मनोज परिपत्रक मनावर घेणाऱ्यांपैकी होता. शब्दकोश धुंडाळून त्याने 'नवउद्योग उबवणी केंद्र' असं नाव शोधलं आणि दोन दिवस ते ज्याला त्याला ऐकवलं. मात्र उद्घाटनाच्या संध्याकाळीच कुणीतरी बोर्डाच्या वरच्या अर्ध्या भागावर गावचे पुढारी सावळीरामभाऊ यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स ताणून बांधला होता. 'नवउद्योग' हा शब्द सावळीरामभाऊंच्या गॉगलमागे गेला होता आणि खाली ठसठशीत उरलं होतं ते उबवणी केंद्र.

"फ्लेक्स काढ," मनोज म्हणाला.

"साहेब, मला निवृत्तीला चार वर्षं आहेत," जयराम म्हणाला.

फ्लेक्स राहिला. अंडी सगुणाबाईंनी परत नेली, पण जाताना वहीत नाव लिहून गेल्या. कारण जयरामचा शिरस्ता असा की दारात माणूस आला की त्याची नोंद झालीच पाहिजे. दुसऱ्या दिवशी सात जण आले. तिसऱ्या दिवशी शुक्रवारचा बाजार होता, तेव्हा एकोणीस आले आणि एकाने नुसती खुडूक कोंबडीच काखेत आणली. "ही बसती, पण अंडी फोडती. काय विलाज?" असं तो विचारत होता. त्याच दिवशी ड्रोनने द्राक्षबाग फवारायची कल्पना घेऊन दोन इंजिनिअर पोरं आली. त्यांनी रांग पाहिली, कोंबडीने त्यांच्यातल्या एकाचा बूट पाहिला, आणि ती पोरं तशीच पुण्याला निघून गेली.

मार्चअखेर दहा उद्योजक नोंदले गेले नाहीत तर केंद्र बंद, असं मुंबईच्या मुख्य कार्यालयाने मंजुरीच्या पत्रातच लिहिलं होतं. या मंजुरीसाठी तो दोन वर्षं मुंबईच्या खेपा घालत होता. नोकरीआधी त्याने स्वतः बेदाण्याच्या चॉकलेटचा धंदा काढला होता आणि तो आठ महिन्यांत बुडाला होता. माल चांगला होता. परवाना कुठे काढायचा, डबा कसला वापरायचा, दुकानदाराशी बोलायचं कसं, हे सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हा जे वाटलं ते तो अजून विसरला नव्हता. आपल्यासारखं दुसऱ्या कुणाचं होऊ नये, एवढीच त्याची इच्छा होती आणि ती काही तो सोडणार नव्हता.

पुढच्या आठवड्यात मुंबईहून फोन आला. पलीकडे तृप्ती मॅडम होत्या, सगळ्या केंद्रांची तपासणी त्यांच्याकडे होती.

"गायधनी, अभिनंदन. आठ दिवसांत चौसष्ट उद्योजक? राज्यात पहिले आहात. आणि सगळेच्या सगळे बायोटेक्नॉलॉजीमधले. मी सोमवारी स्वतः बघायला येतेय."

मनोजने फोन ठेवला आणि जयरामला हाक मारली.

"वहीतली नावं तू कॉम्प्युटरवर चढवलीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, रोजच्या रोज चढव."

"आणि बायोटेक्नॉलॉजी?"

"क्षेत्र निवडा असं येतं साहेब. यादीत कोंबड्या नव्हत्या. जीवशास्त्राच्या जवळपासचं तेवढं एकच होतं."

दुसरा कुणी असता तर वैद्यकीय रजेचा अर्ज लिहायला बसला असता. मनोजने वही उघडली. व्यवसाय, कोंबड्या. अपेक्षा, पिल्लं. चौसष्ट ओळी अशाच खाली गेल्या होत्या. तो वाचत गेला, आणि विसाव्या ओळीशी त्याला एक साधी गोष्ट लक्षात आली. चौसष्ट माणसं भाड्याचे पैसे घालून एकच गोष्ट मागायला आली होती आणि आपण प्रत्येकाला बोर्डाचा अर्थ समजावून परत पाठवलं होतं. त्याला मनापासून लाज वाटली.

तो उठला आणि थेट सगुणाबाईंच्या वस्तीवर गेला. "मावशी, पिल्लं नेमकी कशासाठी हवीत? सगळं सांगा, मी लिहून घेतो."

सगुणाबाईंनी आधी चहा टाकला आणि मग सांगितलं. पिल्लं लांबून टेम्पोने येतात, उन्हाळ्यात निम्मी वाटेतच मरतात. खुडूक कोंबडीच्या भरवशावर राहिलं तर ती तिच्या लहरीने बसते. म्हणून त्यांनी भंगारातला एक फ्रिज आणून त्यात बल्ब लावले होते, पाण्याची वाटी ठेवली होती. शंभर अंड्यांमागे सत्तर पिल्लं निघत होती.

"मग तुम्ही केंद्रावर कशाला आलात?"

"वस्तीत लाईट टिकत नाय सायेब. गेली का अंडी गार. तुमच्या हाफिसात इन्व्हर्टर हाय, ते मी खिडकीतून पाह्यलं व्हतं."

मनोजने कपाळावर हात मारून घेतला. जागा, वीज आणि कागदपत्रं द्यायला केंद्र काढलं होतं, आणि बाईंना नेमकी जागा, वीज आणि कागदपत्रं हवी होती. त्याच दुपारी फ्रिज टेम्पोत घातला, त्यातली दोन आठवडे उबलेली अंडी गोधडीत गुंडाळली आणि दोन्ही केंद्राच्या बैठकीच्या खोलीत आणून फ्रिज सुरू केला. अठरा बायकांचा गट झाला, अर्ज भरला गेला. तीन मिनिटांत आपला धंदा कसा मांडायचा, हे मनोजने सगुणाबाईंकडून चार वेळा घोकून घेतलं.

सोमवारी तृप्ती मॅडम आल्या. प्रयोगशाळा दिसेल, पांढरे कोट दिसतील अशा अपेक्षेने त्यांनी बैठकीच्या खोलीचं दार उघडलं. मधोमध गंजका फ्रिज होता आणि त्याच्या बाजूला नवं लुगडं नेसलेल्या सगुणाबाई.

"गायधनी, हे काय आहे?"

"आपला पहिला उद्योग, मॅडम. बाकीचे नावापुरते बायोटेक आहेत, ती चूक माझी. पण हा खरा आहे."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी फ्रिजच्या दाराला हात घातला. सगुणाबाईंनी तो हात मनगटाशी धरला. घोकलेली तीन मिनिटं त्या केव्हाच विसरल्या होत्या.

"उघडायचं नाय बाई. आज एकोणिसावा दिस. आतली वाफ गेली का पिल्लू टरफलाला चिकटतं."

"पण मला तपासणी करायची आहे."

"मंग कान लावा."

मॅडमनी मनोजकडे पाहिलं. मनोजला वाटलं, संपलं सगळं, आता केंद्र काही राहत नाही. पण तृप्ती मॅडमनी चष्मा काढला, त्या वाकल्या आणि त्यांनी गंजक्या दाराला कान लावला. आतून फार बारीक चिवचिव येत होती, टरफलातूनच.

मॅडम पाच मिनिटं तशाच वाकून होत्या. नंतर त्या सगुणाबाईंशी दीड तास बोलल्या. परत निघताना त्यांचे डोळे ओले होते आणि कानाला गंज लागला होता, ते सांगायची हिंमत कुणाला झाली नाही.

पंधरा दिवसांनी मुंबईचं पत्र आलं. मनोजने ते उभ्यानेच वाचलं. केंद्राचं काम अत्यंत समाधानकारक असून ते बंद करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, सबब कामाचं स्वरूप पाहता ते आहे त्या कर्मचाऱ्यांसह पशुसंवर्धन विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे. सोबत नवी छापील नोंदवही.

"बंद नाय ना झालं साहेब?" जयरामने विचारलं.

"नाही," मनोज म्हणाला आणि खुर्चीत बसला. केंद्र वाचलं होतं तेही खरं, आणि हातातून गेलं होतं तेही खरं.

तेवढ्यात दारात एक मुलगी आली. खांद्याला लॅपटॉपची बॅग, कपाळावर घाम. "मी शुभांगी. देवळ्याहून आले. कांदा साठवणीच्या चाळीत सडायला लागला की मोबाईलवर आधीच कळेल, असं यंत्र केलंय मी. इथे नव्या धंद्याला मदत करतात ना?"

"ते खातं गेलं ताई," जयराम हळहळून म्हणाला. "आता इथे फक्त कोंबड्या."

मुलीने बॅगेचा पट्टा सावरला आणि ती वळली. तिचा चेहरा मनोजने पाहिला. बेदाण्याचं शेवटचं खोकं घरी परत आणलं त्या दिवशी आरशात त्याला तोच चेहरा दिसला होता.

"थांबा," तो म्हणाला. "आत या, बसा. खोली आहे, वीज आहे, कागदपत्रं मी बघतो. जयराम, यांची नोंद घे."

जयरामने नवी वही उघडली, नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि पुढच्या रकान्याशी त्याचं पेन थबकलं.

"साहेब, पक्ष्याचा प्रकार विचारलाय. गावठी का सुधारित?"

मनोजने एकदा त्या मुलीकडे आणि एकदा तिच्या लॅपटॉपकडे पाहिलं.

"सुधारित लिही."