बेडरूममधल्या चिंबोऱ्या

आमच्या बेडरूममध्ये पूर्वी चिंबोऱ्या मिळायच्या, हे मला गृहप्रवेशाच्या दिवशी कळलं. शेगडीवर दूध उतू घालायचं चाललं होतं, गुरुजी घड्याळाकडे बघत होते, आणि उघड्या दारातून एक अनोळखी म्हातारा सरळ आत आला. पांढरा सदरा, खाली हाफ पँट, खांद्यावर टॉवेल. चपला त्याने बाहेर काढल्या, तेवढीच काय ती परवानगी. थेट बेडरूममध्ये जाऊन पायाच्या अंगठ्याने फरशी दाबून पाहिली आणि म्हणाला, "तुमचे बेडरूमान मीनी चिंबोऱ्या पकरल्यान. ह्या एवऱ्या."

हाताने दाखवलेली चिंबोरी चांगली परातीएवढी होती. माझे यजमान अनिल मिरजेचे. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी खेकडा जवळून पाहिलेला नाही. ते माझ्या कानात म्हणाले, "चिंबोरी म्हणजे ढेकणासारखं काही असतं का गं? बिल्डर काही बोलला नाही."

हे आमचे हिराजीदादा. नायगाव पूर्वेला जूचंद्रच्या अंगाला आमची सोसायटी आहे. तिथलं तळं बुजवून ती बांधली, म्हणून तिचं नाव लेक व्ह्यू. त्या तळ्याच्या कडेची शेती, खळं आणि विहीर हिराजीदादांची होती, आणि पलीकडच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या चिखलाच्या जमिनीत, त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. जमीन बिल्डरकडे गेली आणि दादा बायकोला घेऊन पहिल्या मजल्यावर राहायला आले. मुलगा दुबईला. जमीन गेली असली तरी नकाशा त्यांनी कुणाला दिला नव्हता.

नवं कुटुंब आलं की सामान उतरायच्या आत दादा हजर. "वरचा कोनालाबी दिसतं," ते म्हणायचे. "खालचा इचारा." आणि कुणी विचारायच्या आधीच सांगायचे. आमच्या सेक्रेटरींचा, म्हणजे कणकवलीच्या सावंतांचा हॉल हे दादांचं खळं. बी विंगमधल्या कोपऱ्यातल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर ही विहीर. माणसांची आडनावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. सावंत म्हणजे "खल्यावरचे" आणि मी "चिंबोरीवाल्या ताई". आमच्या डोक्यावर राहणारी मंडळीही चिंबोरीवालीच, कारण दादांच्या हिशेबी सरळ खाली दोरी सोडली की ती खाजणातच पोचायची. एकदा कुरियरवाल्याला त्यांनी विहिरीवर पाठवलं. तो बिचारा पार्सल हातात धरून गेटबाहेर विहीर शोधत फिरला.

एक मात्र खटकायचं. निघताना ते हमखास विचारायचे, "दुपारचा घरान कोन असतं?" मी शिकवण्या घरीच घेते, म्हणून म्हटलं, मी असते. ते समाधानाने मान हलवून गेले. अनिलनी त्याच आठवड्यात दाराला साखळी बसवून घेतली.

माझा भाऊ सुट्टीला आला तेव्हा त्याला वसईचा किल्ला बघायचा होता. आम्ही रिक्षा ठरवली, तर दादा आधीच पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेले. वाटेत एक नवा मॉल लागला. "हितं कोल्हा बघला मीनी." मंगल कार्यालय लागलं. "हितं आमची म्हस अरकली होती चिखलान." किल्ल्यात त्यांनी आम्हाला जेमतेम फिरू दिलं. एवढा मोठा किल्ला, पण तो सगळा वर असल्यामुळे दादांना त्यात काही गोडी नव्हती. नालासोपाऱ्याच्या स्तूपापाशी मात्र टॉवेल खांद्यावरून काढून हातात घेतला आणि आवाज खाली आणला. "हितवर समींदर होता. मोठमोठी गलबतां लागायची. पानी गेला, नाव रायला." भाऊ त्या सुक्या जमिनीकडे बघतच राहिला. मीही इतके दिवस इथे राहते, पण आपण भाजी घेतो तिथे कधीकाळी जहाजं लागत, हे माझ्या गावीही नव्हतं.

शेवटी ते आम्हाला जूचंद्र गावात घेऊन गेले. तिथे रांगोळीचं प्रदर्शन होतं. जूचंद्रच्या रांगोळीचं नाव लांबवर आहे, पण दादा सांगतात ते वेगळंच, की इथली पोरं पाटी-पेन्सिलीच्या आधी रांगोळी धरतात. एका म्हातारीचं चित्र बघून भाऊ म्हणाला, "फोटो छान आलाय, पण जमिनीवर का ठेवलाय?" आणि धूळ बसली असेल म्हणून फुंकर घालायला वाकला. दादांनी त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. त्याने एक फुंकर घातली असती, तर कुणाची तरी रात्रभराची मेहनत उडाली असती आणि आम्हाला गावाबाहेर पळावं लागलं असतं.

परतताना दादांनी सुकेळी घेतली. उन्हात वाळवलेली ही वसईची केळी खजुरासारखी गोड लागतात. पुडी आम्हाला उघडू दिली नाही. "घरवालीला," म्हणाले. घरवाली म्हणजे गोदीकाकू. त्या आम्हाला फक्त बाल्कनीत बसलेल्या दिसायच्या. हात केला तर हसायच्या, पण कुणाला ओळखल्यासारख्या नाही.

मग विहिरीवर केतकी राहायला आली. पुण्याची, एकटी, कंपनीचं काम घरूनच करणारी. तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून एका हाफ पँटवाल्या म्हाताऱ्याने विहीर किती खोल होती ते सांगितलं आणि वर विचारलं, "दुपारचा एकलीच असतंस का?" तिने त्याच संध्याकाळी सावंतांकडे तक्रार केली. तिची काही चूक नव्हती. मी तिच्या जागी असते तर पोलिसातच गेले असते.

मीटिंग झाली. सावंत नियमांचे पक्के. त्यांच्या घरात डासही विचारून येतो. त्यांनी ठराव मांडला, की हिराजीदादांनी यापुढे कुणाच्याही घरात जाऊ नये, आणि तशी नोटीस फळ्यावर लागावी. सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. मला वाटलं, आता जमिनीचं रामायण सुरू होणार. पण ते उठून एवढंच म्हणाले, "मना बाकी काय बी बंद करा. पन नवीन मानूस आयला, तं त्याला येकदा सांगाया देवा. येकदाच. बिनासांगता नाय चालाचा." का, ते सांगेनात. सावंत म्हणाले, नोटीस रविवारी लागेल. दादा खुर्चीची पाठ धरून उभे होते. मग टॉवेल खांद्यावर टाकून जिना चढू लागले. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी भर दुपारी दाराची बेल वाजली. साखळीच्या फटीतून पाहिलं तर गोदीकाकू. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, काखेत टोपली, हातात लोखंडी आकडा.

"व्होटी लागली," त्या म्हणाल्या. "चिंबोऱ्यांना आयले."

दुसरं कुणी असतं तर विचारलं असतं, कोण तुम्ही, काय पाहिजे. पण मला माहीत होतं की माझ्या बेडरूममध्ये खाजण आहे आणि ओहोटीला तिथे चिंबोऱ्या मिळतात. मी साखळी काढली आणि म्हटलं, "या ना काकू, आतच आहेत." त्या सराईतपणे बेडरूममध्ये गेल्या, पलंगाशी उकिडव्या बसल्या आणि आकडा खाली घालून चाचपू लागल्या. तिथे आमची जुनी सुटकेस आणि अनिलचं व्यायामाचं न वापरलेलं सामान होतं. त्यांनी आकड्याने एक मोजा काढला, निरखून पाहिला आणि लहान म्हणून परत सोडून दिला.

तेवढ्यात दादा धापा टाकत आले. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्यात काकूंची. मला वाटलं माफी मागतील. पण ते बायकोशेजारी फरशीवर बसले आणि विचारलं, "गावली का गो?"

"नाय."

"उद्या गावल. भरतीचा टाइम झाला, चल घरा."

त्यांना बाल्कनीत बसवून ते परत आले. दारातच उभे राहून म्हणाले, "ती वरचा समदा इसरली, ताई. बिल्डिंग, लिफ्ट, पोराचा लगीन, समदा. खालचा तेवरा लक्षान हाय. माझा डोला लागला का निंगते. दार उघारनाऱ्यानी 'कोन तुमी' इचारला, का घाबरते. मंग दोन-दोन दिवस जेवत नाय." मग म्हणाले, "म्हनून सांगून ठेवतंय. कोनच्या घरान काय होता, ता."

मी सरळ केतकीचं दार वाजवलं. काकूंचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि मी त्यांना चोर ठरवलं." रविवारी ती दादरहून एक पितळी कळशी घेऊन आली. आता काकू पाण्याला येतात तेव्हा केतकी फोनवरच्या साहेबांना थांबायला सांगते आणि कळशी अर्धीच भरून देते, कारण काकूंची कंबर दुखते. सावंतांच्या हॉलमध्ये काकू रिकामं सूप घेऊन भात पाखडून आल्या. सावंत सोफा सरकवून, पाय वर घेऊन बसले होते म्हणे. नोटिशीचं विचारलं, तर म्हणाले, "विषय तहकूब."

मलाच मागे राहिल्यासारखं वाटत होतं. सगळ्यांकडे काकूंना काही ना काही मिळायचं, आमच्याकडे मोजा. म्हणून परवा बाजारातून एक जिवंत चिंबोरी आणली, चांगली मोठी, आणि टबात घालून पलंगाखाली सरकवली. अनिल त्या दिवशी हॉलमध्ये खुर्चीवर पाय घेऊन बसले.

दुपारी दोघं आली. काकूंनी आकडा घातला, टब खरवडला आणि ओरडल्या, "गावली!" चिंबोरी बाहेर आली, सुतळीसकट. बाजारातल्या चिंबोरीच्या नांग्या सुतळीने बांधलेल्या असतात. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

काकूंनी सुतळीवरून बोट फिरवलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बांधलेली हाय. कोनी बांधली?"

मी दादांकडे पाहिलं.

"मीनी," दादा म्हणाले. "तुझे हाताला चावल म्हनून."

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, बाल्कनीतून पाहतात तसं नाही. मग पदर तोंडाला लावून नव्या नवरीसारख्या हसल्या.

"तवाबी असाच करायचास," त्या म्हणाल्या.