थोरल्या महाराजांची गवतगाडी

एका जंगलात, बाळांनो, गवत फार वाढलं होतं.

जंगलात गवत वाढणारच, असं तुम्ही म्हणाल. पण हे गवत सिंहमहाराजांच्या दरबारापुढचं. ते इतकं उंच झालं की महाराजांना प्रजा दिसेना आणि प्रजेला महाराज दिसेनात. प्रजेची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. महाराजांची होती.

हरणं म्हणाली, "आम्ही चरून टाकतो की."

कारभारी होता कोल्हा. तो म्हणाला, "दरबारचं गवत कधी तोंडानं खातात का? त्याला गाडी आहे."

गाडी होती खरी. आताच्या महाराजांच्या वडिलांची, म्हणजे थोरल्या महाराजांची. वर बसायचं, चावी फिरवायची, की खाली पाती फिरायची आणि गाडी गवत कापत पुढं जायची. थोरले महाराज होते तोवर ती कधी कुरकुरली नाही. ते गेले, आणि गाडीनं जे मौन धरलं ते धरलंच.

आता वडीलधाऱ्यांच्या जागेवर बसायचं नसतं, हे तुम्हाला घरी शिकवलं असेल. जंगलातही शिकवतात. गाडीच्या आसनाला हार होता, पुढं उदबत्ती होती. चावी फिरवायची तीसुद्धा बाजूला उभं राहून, पायातल्या वहाणा काढून. ज्याला वहाणा नाहीत त्यानं काढल्यासारखं करून.

तर ही गाडी कोल्ह्यानं गेनू अस्वलाच्या अंगणात ढकलून आणवली. गेनूनं कधीतरी जात्याला खुंटा बसवला होता. तेव्हापासून जंगलात तोच यंत्रातला जाणकार.

"थोरल्या महाराजांची जयंती जवळ आली," कोल्हा म्हणाला. "तोवर गाडी चालली पाहिजे. नाहीतर तुमच्या दारचं मोहाचं झाड सरकारजमा."

गेनूनं वळून झाडाकडं पाहिलं. त्या झाडावर मोहोळ होतं. शिवाय त्याच्या बुंध्याला पाठ घासल्याशिवाय गेनूला झोप येत नसे.

तो कामाला लागला. काम निघालं की बघे येतात. माकड मिस्त्री आला आणि झाडावर बसून सांगू लागला.

"आधी प्लग बघा, गेनूदादा."

प्लग काढला. चुलीच्या तळासारखी काजळी. घासला, पुसला, बसवला. गेनू बाजूला उभा राहिला, हात जोडले, चावी फिरवली. काही नाही.

"पेट्रोल शिळं असेल."

टाकी उघडली तर आत पेट्रोल कसलं, लोणच्याचं उरलेलं तेल बरं. ते ओतलं, नवं भरलं. हात जोडले, चावी फिरवली. काही नाही.

"मग हवेची जाळी तुंबली."

जाळीत उंदरीण बाळंत झाली होती. आता बाळंतिणीला कोण उठवणार? गेनूची बायको सारजा तिला डिंकाचा लाडू देऊन समजुतीनं वळचणीला घेऊन गेली. जाळी झटकली. हात जोडले, चावी फिरवली. काही नाही.

"बॅटरी," माकड म्हणालं.

बॅटरीही बदलून झाली. गाडी ढिम्म.

सारजा म्हणाली, "अहो, दारचं झाड जायची वेळ आली, आणि तुम्ही ह्याचं ऐकताय? ह्यानं हात लावलेली वस्तू चालताना पाहिलीय का कोणी?"

"वहिनी, मी नुसतं निदान करतो," माकड म्हणालं. "गुण येणं पेशंटच्या नशिबावर."

जयंतीचा दिवस उजाडला. सारजा सरपणाचा भारा घेऊन आली, भारा टाकला, कंबर धरली. आणि जवळ दिसलं त्यावर बसली. गेनू आपला सवयीनं चावी फिरवत होता.

गाडी गुरगुरली. थरथरली. सुरू झाली.

सारजा दचकून उठली. गाडी बंद. गेनू म्हणाला, "परत बस." ती बसली, त्यानं चावी फिरवली. गाडी सुरू.

गेनूनं वाकून पाहिलं. आसनाच्या खाली एक खटका होता. वर कोणी बसलं, खटका दबला, की गाडीत जीव. एवढीच तिची अट होती. मालक पडला तर पाती फिरत राहू नयेत, म्हणून करणाऱ्यानं करून ठेवलेली.

माकडानं डोळ्यांवर हात घेतले. "वहिनी बसल्या. थोरल्या महाराजांच्या जागेवर."

"बसले. त्यांना काय टोचलं का?"

गेनू मात्र पेचात पडला. कोणी बसल्याशिवाय गाडी चालायची नाही, आणि बसेल त्याची खैर नाही. सांगावं तर बायको जाते, न सांगावं तर झाड जातं.

"दगड ठेवा," सारजा म्हणाली.

"महाराजांच्या आसनावर दगड? सालटी काढतील आपली."

"मग शेंदूर लावा. शेंदूर लावलेल्या दगडाला ऊठ म्हणणारा अजून जन्मायचाय."

माकडाला मधाचं पोळं देऊन गप्प केलं. मोठा दगड उचलून आसनावर ठेवला, जाड शेंदूर फासला. तेवढ्यात कोल्हा आला.

"हे काय?"

"गवतोबा," गेनू म्हणाला.

"स्वयंभू?"

"सकाळीच आले."

कोल्ह्यानं नमस्कार केला.

गाडी दरबारापुढं नेली. ओट्यावर महाराज डुलकी घेत होते, शेपूट खाली गवतात सोडून. गेनूनं ठरवलं होतं, एका हातानं सुकाणू धरायचं आणि गाडीबरोबर चालत राहायचं. त्यानं चावी फिरवली, दांडा ओढला. गाडी धडधडत निघाली. सगळी प्रजा गरजली, "गवतोबाच्या नावानं चांगभलं." सगळ्यांनी हात जोडले.

गेनूनंही जोडले. दोन्ही.

सुकाणू सुटलं. गाडी थोडी सरळ गेली आणि मग ओट्याकडं वळली. कोणी म्हणालं, "अडवा." दुसरं म्हणालं, "देवाला?" सगळे अदबीनं बाजूला झाले. गाडी ओट्याला घासून गेली, आणि महाराजांच्या शेपटीचा गोंडा गवताबरोबर गेला.

महाराज जागे झाले. शेपूट पुढं घेऊन पाहिली. गेनूनं मनातल्या मनात मोहाच्या बुंध्याला शेवटची पाठ घासून घेतली.

"हे कोणी केलं?"

कोल्हा पुढं झाला. "महाराज, आपलं जावळ निघालं."

"या वयात?"

"पोरांचं मामाच्या मांडीवर निघतं, महाराज. आपलं देवानं स्वतः येऊन काढलं. पुण्याई लागते."

महाराजांनी शेपटीकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. मग विचारलं, "बाकीच्यांचं?"

त्याच दुपारपर्यंत जंगलात एका शेपटीला गोंडा राहिला नाही. कोल्हा तेवढा स्वतःच्या शेपटीवर बसून सगळ्यांचं पुण्य मोजत होता. गवतोबाला आणलं म्हणून गेनू पुजारी झाला आणि मोहाचं झाड त्याला कायमचं मिळालं.

आणि गाडी? ती सशांच्या हरळीत जाऊन पेट्रोल संपल्यावर थांबली. देव बसलाय, त्याला उठवायचं कसं? म्हणून तिथंच देऊळ बांधलं. दरबारापुढं गवत पुन्हा वाढलंय. महाराजांना प्रजा दिसत नाही. प्रजेची काही तक्रार नाही.

तात्पर्य : बाळांनो, कुठलंही आसन रिकामं ठेवू नये, कारभार अडतो. लायक माणूस शोधण्यात वेळ घालवू नये, एक बरासा दगड बघून बसवावा. शेंदूर जाड लावावा. आणि मग आपापली शेपूट आवरून बसावं.